सावडीचा हजेरीपट

गुरुवारी सकाळी साडेदहाला पांढरी जीप डोंगरटाकळीच्या गाव-उद्यानापाशी थांबली. लेखापरीक्षणाला आलेल्या प्रियदर्शनी मॅडम पुढून उतरल्या. मागून टेप आणि फायलींची पिशवी घेतलेला शिपाई उतरला. ग्रामसेवक विठ्ठलराव आधीपासून कमानीच्या सावलीत उभे होते. त्यांनी बद्रीनाथला फोन लावला.

"सुंदरबाईला घेऊन या. ऑडिट आलंय."

"आज? सोमवारी येनार म्हनले व्हते की."

"आज आलंय."

बद्रीनाथ आणि त्याची बायको सुंदरबाई कापसाच्या शेवटच्या वेचणीला होते. झाडं वाळून कडक झाली होती, बोंडांची टोकं बोटांत शिरत होती. सुंदरबाईने कमरेची ओटी सोडली, कापूस बांधावरच्या पोत्यात ओतला आणि होती तशी निघाली.

"लुगडं तरी बदल," बद्रीनाथ म्हणाला.

"ऑडिट लुगड्याचं हाय का?"

उद्यानाचं सरकारी अनुदान मंजूर झालं तेव्हा समितीची अध्यक्ष बचत गटातली बाई असावी अशी अट होती. गटात पूर्ण नावाने सही करणारी आणि बँकेच्या साहेबाला उलट विचारणारी म्हणून सुंदरबाईचं नाव पुढे आलं. ती चौथी शिकलेली होती. वाचताना ओठ हलायचे, पण वाचल्याशिवाय सही करायची नाही.

मॅडमनी सुरुवात भिंतीपासून केली. गायरानाच्या उतारावर गावाने कमरेइतकी दगडी भिंत घातली होती, चुन्या-सिमेंटाशिवाय, दगडात दगड बसवून. शिपायाने टेप धरला. आकडा अंदाजपत्रकापेक्षा जास्त आला. टेपला पीळ पडला असेल म्हणून मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच आला.

"जास्त कशी?"

"दगड उरले व्हते," सुंदरबाई म्हणाली. "मंग वढ्यापर्यंत नेली."

मॅडमनी झाडं पाहिली. करंज, कडुलिंब, चिंच, बहुतेक जगलेली. प्रत्येकाभोवती आळं ओलं होतं. भिंतीच्या वरच्या अंगाला सिमेंटचा हौद होता आणि त्यातून काळे पाइप झाडांपर्यंत गेले होते. तिथे मॅडम थांबल्या.

"हे काय?"

"हौद हाय, म्याडम."

"ते दिसतंय. अंदाजपत्रकात हौद नाही. पाइपही नाही."

"अंदाजपत्रकात पानीच न्हवतं. कमान व्हती, बाकडे व्हते, फोटो काढायची जागा व्हती. त्याच्या आदी गावात दोनदा झाडं लावली सरकारनं. पाट्या अजून हाईत, झाडं मेली. आमी म्हनलं, आदी पानी करू."

"कुठल्या पैशातून?"

"मजुरीच्या."

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. मॅडमनी पेन थांबवलं.

"भिंतीला आणि सपाटीकरणाला जी मजुरी धरली होती, ती?"

"व्हय. वडवनीच्या रहमतुल्ला गवंड्यानं हौद बांधला. त्याची पावती हाय, पाइपाची हाय, सगळ्याच्या पक्क्या पावत्या हाईत."

"मग भिंत कुणी बांधली? हजेरीपट कुठे आहे?"

"भिंत सावडीनं झाली. त्याला कुठला आलाय हजेरीपट?"

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं. "सावड मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोळी करायचे. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. पण इथे रान कुणाचं? गायरान आहे. सावड परत कोण करणार?"

"समितीतल्या सात घरांनी वाटून घेतलीया. जेवढे दिवस ज्यानं देले, तेवढे दिवस आमी त्याच्या रानात जायाचं. निम्म्याची फिटली बी."

"कुठे लिहिलंय?"

सुंदरबाईने बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथ पायाने ढेकूळ फोडत होता.

"सावड कुनी लिहितंय का, म्याडम?"

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. शिपायाने वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर दगड ठेवला. जी मजुरी मंजूर होती ती दिलेली नाही. जे काम मंजूर नव्हतं ते केलेलं आहे. मजुरीची रक्कम अध्यक्षांकडून वसूलपात्र. पुढच्या गुरुवारी कामकाज संपेपर्यंत पुराव्यासह खुलासा.

सुंदरबाईने कागद पूर्ण वाचला. मॅडम तोवर उभ्या राहिल्या, एकदाच घड्याळ पाहिलं. वाचून झाल्यावर तिने पोच म्हणून सही केली. बोंडाने चिरलेल्या बोटाचा तांबडा ठिपका कागदाच्या कडेला लागला, तो तिने पदराने पुसला. जास्त पसरला.

दुपारी विठ्ठलरावांनी ग्रामपंचायतीचं दार आतून लोटून घेतलं. टेबलावर कोरा हजेरीपट होता.

"हे बघा मावशी, उलटं लिहायचं. एवढंच. भिंत मजुरीनं झाली. हौद लोकवर्गणीतून झाला. एवढ्या कामाला रोखीनं मजुरी चालते. रक्कम तीच, काम तेच."

"म्हंजी खोटं काई न्हाईच," बद्रीनाथ म्हणाला. "नुसतं इकडचं तिकडं."

"नुसतं इकडचं तिकडं."

"आन् सह्या?" सुंदरबाईने विचारलं. "निम्मी लोकं ऊसतोडीला गेलीत. शिरसाट, केकान, सगळ्या टोळ्या कर्नाटकात हाईत."

"अंगठे मी बघतो."

"तुमी कसे बघता? तुमाला दोन अंगठे. कामाला घरं व्हती बेचाळीस."

बद्रीनाथ हसला. विठ्ठलराव हसले नाहीत. त्यांच्याकडे दोन गावं होती, दुसऱ्या गावातही असाच एक आक्षेप उघडा होता आणि त्यांची वेतनवाढ त्यात अडकली होती. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी दुपारभर बसून सावडीला आलेल्यांची नावं आठवून आठवून हजेरीपटात भरली, दिवस भरले, दरानं गुणून रकमा भरल्या. निळं आणि काळं अशी दोन पेनं वापरली, शाई एकसारखी दिसू नये म्हणून.

"आता न्या आणि गावात आहेत त्यांच्या सह्या घ्या," ते म्हणाले. "काय आहे ते सांगत बसू नका. ऑडिटचा कागद म्हणा. विचारलं की वाढतं."

घरी जाताना बद्रीनाथ पुढे चालत होता. वळणावर तो थांबला.

"तू सगळ्यांला समजावून सांगनारेस, मला माहीत हाय."

"मंग काय, डोळे झाकून अंगठे घिऊ?"

"आगं, वसुली लागली तर बोजा कुनाच्या सातबाऱ्यावर चढनार? पावनेदोन एकर तुझ्या नावचं हाय. तेवढंच हाय."

"माझ्या नावचं हाय म्हनूनच इचारायलेय."

पहिल्या घरी एका म्हातारीने काही न विचारता अंगठा दिला आणि बोट पुसायला चुलीतली राख घेतली. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसरं घर शहादेवाचं.

शहादेव बद्रीनाथच्या भावकीतला. यंदा तो ऊसतोडीला गेला नव्हता. तीन एकर तूर उभी होती आणि कमरेचं दुखणं होतं. उन्हाळ्यात भिंतीचे अवघड कोपरे त्यानेच लावले होते. ओट्यावर तो विळ्यांना धार लावत बसला होता. त्याने हात पायजम्याला पुसले आणि कागद घेतला.

"हे काय हाय, वैनी?"

"भिंतीच्या कामाला कोन कोन व्हतं त्याचं हाय."

त्याने आपलं नाव शोधलं. बोट नावावरून आडवं सरकत शेवटच्या आकड्यावर थांबलं.

"हे माझ्या नावापुढं रुपये कशाचे?"

"ते नुसतं लिहायचं हाय. ऑडिटवाले सावड धरत न्हाईत. म्हनून मजुरी देली असं दाखवायचं."

"मला देली?"

"दाखवायचं."

"म्हंजी सरकारनं माझ्या नावचे पैसे पाठवले व्हते."

"तुमच्या नावचे न्हवं, कामाचे. ते हौदाला लावले. गावासमोर लावले, शहादेव. तुमाला माहीत हाय."

"हौद झालेला माहीत हाय. तो माझ्या मजुरीत झालाय हे आज कळायलंय."

"आवो, मजुरी न्हवतीच. तुमी सावडीला आलता."

"मी सावडीलाच आलतो!" शहादेवाचा आवाज चढला. "मंग हितं मजूर कावून लिहिलंय? मजूर असंल तर पैसे द्या. सावड असंल तर हे खोडा. दोन्ही कसं व्हईल बे?"

'बे' तोंडातून गेल्यावर तो गप्प झाला. भावजयीला कुणी बे म्हणत नाही. पण त्याने ते मागेही घेतलं नाही.

आतून चुलीपासून त्याची बायको म्हणाली, "त्या दिवसांत माझ्याबी भाकरी गेल्यात भिंतीवर. त्याचं काय लिहिलंय बगा."

"भाकरीचं न्हाई लिहिलं," सुंदरबाई म्हणाली.

"मंग बरंय. न्हाईतर त्याचे बी पैसे तुमाला उचलावे लागले असते."

सुंदरबाईने कागदाची घडी केली. उठताना तिचा गुडघा वाजला. पुढच्या घरांकडे ती गेली नाही.

त्याच संध्याकाळी फोन आला. ऊसतोडीला गेलेला बंकट बेळगावकडच्या फडातून बोलत होता; शहादेवाच्या ओट्यावरचं बोलणं तिथवर पोचलं होतं. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि माणसांचा गलका.

"वैनी, आमची मजुरी कोनाकडं जमा हाय? हितं पोरं इचारायलेत."

"बंकट, तू सावडीला आलतास. पोळ्याच्या आदी मी तुझं खुरपून देलं की."

"देलं की. मी कुठं न्हाई म्हनलो? पर सरकारनं पाठवलेच असतील तर आमाला काय पैसे टोचतेत का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षीनबाईला इचार, हौदावर नाव कुनाचं टाकलंय!" आणि हसण्याचा लोंढा आला. बंकटही हसला, मग म्हणाला, "मजाक करायलेत, वैनी. मनावर घिऊ नका. पर काय ते नक्की सांगा." फोन कटला.

 बद्रीनाथने जेवण अर्धं ठेवलं आणि बैलांना वैरण टाकायला गेला. वैरण आधीच टाकलेली होती.

सकाळी सुंदरबाई ग्रामपंचायतीत गेली, हजेरीपट टेबलावर ठेवला आणि उभा फाडला. मग आडवा.

विठ्ठलराव खुर्चीतून अर्धे उठले. "मावशी! अनुदानाच्या बंधपत्रावर सही आहे तुमची. आता मी काय दाखवू?"

"जे झालंय ते दाखवा."

"जे झालंय ते दाखवायला जागा नाही म्हणून तर..." ते खाली बसले. "म्हणालो होतो, विचारलं की वाढतं."

सोमवारी दोघं नवरा-बायको तालुक्याला गेली. ऑफिसात प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलावर फायलींच्या दोन थप्प्या होत्या; मधल्या फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. अकरा गावं त्यांच्याकडे होती आणि हाताखालची एक जागा रिकामी होती. दोघांना बसायला एकच खुर्ची मिळाली. सुंदरबाई बसली नाही म्हणून बद्रीनाथही बसला नाही.

"म्याडम, सावडच लिहा. आमी खोटं काई लिहीत न्हाई."

"लोकसहभाग म्हणून लिहिता येतं," मॅडम म्हणाल्या. "तसा रकाना आहे."

बद्रीनाथचा चेहरा उजळला.

"पण त्याला कामाआधीचा ग्रामसभेचा ठराव लागतो. आहे का?"

"ठराव मागून करता येतो की," बद्रीनाथ म्हणाला. "तारीख जरा..."

"हे मी ऐकलं नाही."

"बरं."

"भिंत मी बघितली," मॅडम सुंदरबाईला म्हणाल्या. "चांगली आहे. पण भिंत मला फाईलला जोडता येत नाही. तुमचा हौद नसता तर झाडं मेली असती आणि झाडं मेली असती तरी माझा आक्षेप निघाला नसता, कारण कागद बरोबर असते. मला ते आवडतं असं नाही." त्यांनी एक कोरा कागद ओढला. "एक करता येईल. काम केलेल्या प्रत्येकाचा जबाब आणा. स्वखुशीने, विनामोबदला काम केलं, माझी कोणतीही मागणी नाही. मूळ सही. मोबाइलवरचा फोटो नको. गुरुवारपर्यंत बहुतेकांचे आले तर मी वर शिफारस लिहीन. मान्य होईलच असं सांगत नाही."

"ऊसतोडीला गेल्यात त्यांचं?"

"गावात आहेत त्यांचे तरी आणा."

झेरॉक्सच्या दुकानात दोघांनी मजकूर छापून घेतला. एसटीत सुंदरबाई तो वाचत राहिली. ओठ हलत होते. "ह्यात खोटं काई न्हाई," ती म्हणाली. बद्रीनाथ खिडकीशी झोपला होता, किंवा डोळे मिटून बसला होता.

मंगळवारी ती घरोघर फिरली. या वेळी कुणी तिला तोडून बोललं नाही. लोकांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, चहा विचारला. मग एक जण म्हणाला, "शहादेवानं केली का सही?" दुसऱ्या घरीही तेच. पारावर बसलेला गहिनीनाथ, ज्याने भिंतीला सगळ्यांत कमी दिवस दिले होते, तो सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "पयला एक कागद आनला, तो फाडला. आता दुसरा आनलाय. तिसऱ्यावर करू की सही." सगळे हसले. "न्हाई, मजाक न्हाई," तो म्हणाला, "शहादेव करतो का बगू. त्यानं केली की आमी त्याच्या मागं."

समितीच्या सात घरांच्या सह्या झाल्या, त्या कामाच्या नव्हत्या. समितीच्या माणसांचा जबाब चालणार नव्हता. बाकीचे कागद कोरे राहिले.

शहादेवाच्या चार दिवसांतले दोन दिवस पेरणीला फिटले होते. दोन राहिले होते, तुरीच्या काढणीला घ्यायचे असं तोंडी ठरलं होतं. बुधवारी दिवस उगवायला सुंदरबाई विळा घेऊन त्याच्या रानात गेली. गार वारं होतं. रानात आधीच बायकांची ओळ लागली होती, मजुरीने आणलेली.

शहादेवाने तिला पाहिलं. "आज मानसं लावलीत, वैनी."

"दिसायलेत."

"मंग?"

"माझे दोन दिवस राहिलेत."

 ती ओळीच्या टोकाला जाऊन वाकली. तुरीचं खोड यंदा जाड होतं. एका झटक्यात तुटत नव्हतं, विळा दोनदा ओढावा लागत होता. वाळलेल्या पानांचा धुरळा नाकात, गळ्यात, चोळीत शिरत होता. ओळीतल्या बायका आपसात बोलत होत्या, तिच्याशी नाही. एकीने विचारलं, "अध्यक्षीनबाई, तुमाला रोज किती ठरलाय?" दुसरीने तिला कोपर मारलं. दुपारी सगळ्यांसाठी बादलीत पाणी आलं. शहादेवाच्या बायकोने तांब्या सगळ्यांना फिरवला, शेवटी तिलाही दिला, तिच्याकडे न पाहता. सुंदरबाईने सोबत आणलेली भाकरी बांधावर एकटीने खाल्ली.

दिवस मावळताना पेंढ्यांची रास लागली. शहादेव बायकांना मजुरी वाटत ओळीने आला. सुंदरबाईपाशी आला तेव्हा हातात तेवढ्याच नोटा होत्या.

"हात पुढं करा, वैनी."

सुंदरबाईने विळा पदरात गुंडाळला. हात पुढे केला नाही.

"मी सावडीला आलेय."

"सावड कागदात गेली."

"तो कागद फाडला मी. इठ्ठलरावाच्या टेबलावर. त्याला इचारा."

"ऐकलंय." बायका निघून जात होत्या, एक-दोघी रेंगाळल्या. "दुसरा आनलाय म्हनं. बगू."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून जबाबाचा कागद काढला. उजेड कमी झाला होता. शहादेवाने तो डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला.

"हे खरं हाय," तो म्हणाला.

"खरंच हाय."

"मंग सही कशाला पायजे?"

"ऑफिसात पायजे, शहादेव. न्हाईतर रानावर बोजा चढतोय माझ्या. तुमी केली की गाव करनार हाय."

शहादेवाने कागदाची होती तशीच घडी घातली. "आमच्या बापानं जलमभर सावड केली. माझी काई मागनी न्हाई असं त्यानं कुनाला लिहून देल्लं न्हाई. असं लिहून देलं म्हंजी कदी तरी मागनी व्हती, असंच निघतं का न्हाई?"

"तसं न्हाई निघत."

"वैनी, तुमी चोरी केली असं मी म्हनत न्हाई. त्या दिवशी तसं मनात आलतं, आज न्हाई. पर कागदावर माझं नाव आता कशालाच न्हाई येनार. मजूर म्हनून न्हाई आन् सावड म्हनून बी न्हाई." त्याने नोटा परत बंडीच्या खिशात घातल्या. "वरच्या पट्टीची तूर राहिलीया. परवा उन्हाच्या आदी या."

"आन् सही?"

"तुरीचं बोला."

गुरुवारी दुपारी विठ्ठलरावांनी समितीच्या सात सह्या, हौदाच्या पावत्या आणि भिंतीचे फोटो एवढं घेऊन फाईल तालुक्याला नेली. बद्रीनाथ त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला आणि एकटा एसटीने परत आला. काय झालं हे त्याने सांगितलं नाही, सुंदरबाईने विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी विठ्ठलरावांचा फोन आला तेव्हा सुंदरबाई शहादेवाच्या वरच्या पट्टीत होती. शहादेव तिच्या शेजारच्या ओळीत कापत होता. मॅडमनी शिफारस लिहिलेली नव्हती. गावातला एकही जबाब नसताना लिहिता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. फाईल जिल्ह्याला गेली होती, आक्षेप कायम होता, सुनावणीची तारीख लागलेली नव्हती. तोवर मंजूर नसलेला हौद वापरू नये, म्हणजे झाडांनाही त्यातलं पाणी सोडू नये, असं तोंडी कळवलं होतं. लेखी यायचं होतं.